औंढ्याच्या माळावरचा हिशेब

पैसा जनतेचा असेल, तर परतावा विचारण्याचा हक्कही जनतेचाच. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता दिली फेब्रुवारी २०१६ मध्ये; २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात आकाशातल्या थरथरीवर एवढा खर्च कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याला अडाणी म्हणून उडवून लावता येणार नाही.

उत्तर सुरू होते १७ ऑगस्ट २०१७ पासून. त्या दिवशी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी पृथ्वीवर पोचल्या. अमेरिकेतील दोन लायगो आणि इटलीतील व्हर्गो यांच्या नोंदी ताडून पाहता आल्या, म्हणून आकाशातला टापू ठरवता आला आणि चिलीतील दुर्बिणीने अकरा तासांच्या आत ती जागा हेरली. पुढे जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटीनेही तिथल्या रेडिओलहरींचा मागोवा घेतला.

न्यूट्रॉन तारा म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा गाभा. वस्तुमान सूर्याहून अधिक, व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. इतक्या दाटीत न्यूट्रॉनच फुटून आतले क्वार्क मोकळे होतात काय? क्वार्कची कल्पना १९६४ सालची. प्रयोगशाळेत ते अतितप्त अवस्थेत क्षणभर मोकळे झाल्याचे पुरावे आहेत; पण ताऱ्याच्या पोटातली दाटी प्रयोगशाळेत आणता येत नाही.

ती परीक्षा टकरीत होते. दोन तारे एकजीव होताना घनता आणखी वाढते, तापमान शेकडो अब्ज अंशांवर जाते. तिथे क्वार्कद्रव्य तयार झाले तर द्रव्य मऊ पडते, गोळा आवळतो आणि त्याच्या लहरींचा सूर अंदाजापेक्षा चढा लागतो. किंवा तो लवकरच कृष्णविवरात कोसळतो. २०१७ मध्ये टकरीआधीचे गाणे ऐकू आले, त्यावरून ताऱ्यांच्या आकाराचा अंदाजही बांधता आला. टकरीनंतरचा सूर मात्र सापडला नाही. तो सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांचा, आणि त्या पट्टीत आजच्या वेधशाळांचे कान मंद आहेत.

एकट्या औंढ्यामुळे हे कोडे सुटेल असे कोणी म्हणत असेल, तर ती जाहिरातबाजी समजावी. तो चढा सूर पकडायला पुढच्या पिढीच्या अधिक संवेदनशील वेधशाळा लागतील. औंढ्याचा उपयोग वेगळा, पण खरा आहे: दूरच्या खंडावरचा आणखी एक कान मिळाला, की लहर कुठून आली हे अधिक नेमके सांगता येईल. शिवाय अशी यंत्रे उभारणारे हात इथेच तयार होतील.

म्हणून खर्चावर आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तत्त्वतः मान्यता आणि मंजुरी यांच्यामधल्या सात वर्षांवर. हो म्हणून फाईल अडवून ठेवली की व्याज चढतच राहते. टँकर आणि वेधशाळा यांच्यात भांडण लावण्यापेक्षा दोन्हींच्या दिरंगाईचा जाब विचारावा.