रिपोर्ट नॉर्मल, तरी कंबर दुखते

साठीतल्या माणसाची कंबर महिनोन्महिने दुखते, अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल येते, आणि ‘वय झाले’ म्हणत मलम दिले जाते. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात इथेच फसगत होते. ही तपासणी हाड बांधणाऱ्या पेशींचे काम दाखवते. मायलोमात त्या पेशीच दबलेल्या असतात. हाड झिजताना रक्तात उतरणारे ‘सीटीएक्स’ मात्र वाढते. एक्स-रेमध्ये पोकळी दिसेपर्यंत तिथले ३० टक्क्यांहून जास्त हाड गेलेले असते. उपचारादरम्यान सीटीएक्सचा चढउतार पाहता येतो, पण तो नेहमीच्या उपचारात सर्रास पाहण्याची शिफारस नाही; पाहायचा असल्यास रक्त सकाळी उपाशीपोटीच द्यावे. मूत्रपिंड बिघडले (मायलोमात ते अनेकदा बिघडते) तर आकडा उगाच फुगतो. नुसत्या त्यावरून झोलेड्रॉनिक ॲसिड थांबवू नये. निदानासाठी मात्र हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस आधी करावे.