दुधाला फॅट बघतात, मग सोयाबीनला तेल का नाही?



गेल्या हंगामात आडतीवर माल नेला. माणसानं मूठभर दाणे हातावर घेतले, दोन दाणे दाताखाली फोडले आणि म्हणाला, "यात तेल बसत नाय." क्विंटलमागं दोनशे रुपये कमी. हवा मशीनवर मोजली, माती-डागी चाळणीनं बघितली, पण तेल मात्र दातानं मोजलं! तेव्हापासून डोक्यात एकच भुणभुण आहे, म्हणून आज लिहितोय.

आधी दाण्यात काय असतं ते बघू. सोयाबीनमध्ये साधारण १८ ते २० टक्के तेल आणि ३८ ते ४० टक्के प्रथिनं असतात. ही दोन्ही एकाच ताटात जेवणारी भावंडं आहेत. पानानं केलेली साखर दाण्यात येते, तिचं थोडं तेल होतं, थोडं प्रथिन. एकाचा टक्का वाढला की दुसऱ्याचा बहुतेक वेळा उतरतो. ही वाटणी मुळात वाण ठरवतो. पण शेंगा भरायच्या तीन-चार आठवड्यांत ऊन, पाणी आणि गारवा कसा मिळाला, त्यावर ती पुढंमागं होते. त्या वेळी चांगली ऊब आणि जमिनीत ओल असली की तेल चांगलं भरतं. फार तापलं किंवा ताण पडला की तेल उतरतं आणि प्रथिनाचा टक्का बहुधा वर जातो. २०२३ चा कोरडा ऑगस्ट आठवा. ज्यांचं सोयाबीन तेव्हा फुलात-शेंगेत होतं, त्यांचा दाणा बारीक राहिला. त्यात आपला काय दोष?

आता तेल किती हा एक भाग झाला, कसलं हा दुसरा. हे आपल्याकडं कुणी बोलतच नाही. सोयातेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक, पाव भागाच्या आतबाहेर ओलिक आणि सात-आठ टक्के लिनोलेनिक आम्ल असतं. लिनोलेनिक म्हणजे जवसात भरपूर असतं तेच. जवसाचं तेल हवेला लागलं की वाळून पापुद्रा धरतं, म्हणून ते रंगात वापरतात. तब्येतीला ते चांगलं, पण कढईत तापवायला आणि डब्यात टिकायला वाईट. ओलिक त्याच्या उलट, टिकाऊ. पूर्वी तेल टिकावं म्हणून कारखाने त्यावर हायड्रोजन चढवायचे, त्यातूनच ट्रान्स फॅट यायची. २०२२ पासून तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून जगभर जास्त ओलिकच्या बियाण्याकडं लक्ष गेलं.

दाण्यात ओलिकचं लिनोलिक करणारी एक यंत्रणा असते, फॅड-२ नावाच्या जनुकांची. ही यंत्रणा उष्णतेला नाजूक आहे. दाणे भरताना गरमी असली की ती मंदावते, ओलिक जास्त राहतं आणि लिनोलेनिक कमी होतं. थंडीत उलटं. म्हणजे एकच वाण उशिरा पेरून गारव्यात भरला, तर तेलाची जातच थोडी बदलते. मात्र फॅड-२ ची दोन मुख्य जनुकंच बंद पडली की ओलिक ८० टक्क्यांच्या घरात जातं, आणि मग हवामानाचा फेर फारसा पडत नाही. अमेरिकेत असे वाण जनुक बदलूनही केलेत आणि साध्या संकरातूनही. तिथं शेतकरी करार करून ते लावतात, माल वेगळा ठेवतात आणि जादा भाव घेतात.

आपल्याकडं इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं एनआरसी १४७ दिलाय, त्यात ओलिक ४२ टक्क्यांच्या आसपास आहे. भुईमुगात जुनागडच्या गिरनार ४ आणि ५ मध्ये तर ते ८० च्या आसपास जातं. शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलंय. पण मी उद्या एनआरसी १४७ लावला आणि बाजारात नेला तर काय? तो ३३५ च्या, फुले संगमच्या, माऊसच्या ढिगातच पडणार, त्याच भावात. मग उतारा आणि रोग सोडून तेलाकडं बघून वाण कोण निवडेल? शिफारस छापायच्या आधी खरेदीदार कोण ते सांगा, हे माझं कृषी खात्याच्या मित्रांना म्हणणं.

डेअरीवर आपण फॅट-एसएनएफ बघूनच दूध घालतो. उसाची एफआरपी साखरेच्या उताऱ्यावर बसते. सोयाबीनलाही मशीन आहे. दाण्यावर प्रकाश टाकून मिनिटभरात तेल, प्रथिन आणि ओलावा दाखवतं, दाणा फोडावाही लागत नाही. महाग आहे, एकट्याला परवडणार नाही. पण प्लांटवाल्यांकडं ती असतात, मग शेतकरी कंपनीकडं का नकोत?

आमचे एक काका म्हणतात, "बाबा, तेलावर भाव लावलास तर दुष्काळात दोनदा मरशील. उतारा बी कमी अन् टक्का बी कमी." बरोबर आहे त्यांचं. म्हणून नुसत्या तेलावर भाव नको. शंभर किलो सोयाबीनातून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड, आणि पेंडीचा भाव प्रथिनावर ठरतो. ताणाच्या वर्षी तेल घटलं तरी प्रथिनाचा टक्का वाढतो, त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. दोन्ही मोजा, दोन्ही पावतीवर लिहा. आणि हमीभावाखाली कापायला त्याचा वापर करू नका.

तेल वाढवणारी बाटली विकणाऱ्यांविषयीही थोडं. गंधक तेलबियांना लागतंच. माती परीक्षणात कमी निघालं तर पेरणीबरोबर द्या, फायदा दिसेल. पण शेंगा भरल्यावर फवारून तेलाचा टक्का दोन-चारनं वाढतो म्हणणाऱ्याला आधी आणि नंतरचा रिपोर्ट मागा.

आमच्या गटात यंदा ठरलंय की काढणीनंतर प्रत्येकानं वाणाचं नाव, पेरणीची तारीख आणि शेंगा भरताना पाऊस किती झाला हे लिहून, किलोभर नमुना वेगळा बांधून ठेवायचा. सगळे नमुने एकदम तपासायला नेऊ. तुमच्या भागात कुणी तेल मोजून सोयाबीन घेत असेल तर खाली नक्की लिहा, कसं घेतात आणि किती फरक देतात तेही सांगा.