चंदा म्हणजे नुकसानभरपाई नव्हे

मालेगाव-भिवंडीत साच्यावरून धोटा उडून एखाद्या साठीच्या कामगाराचा डोळा जातो, तेव्हा पुढचे सगळे जणू ठरलेले असते. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात झोळी फिरते. मोहल्ल्यातली पोरे मोबाइलवर क्यूआर कोड पाठवतात. शेजारणी डबा पोचवतात. सेठही दवाखान्यात येतो, पाच-दहा हजार उशाशी ठेवतो, ‘चाचा, सब्र करा, अल्लाह मालिक आहे’ म्हणतो आणि निघून जातो. महिनाभराने झोळी दुसऱ्या कुणासाठी फिरते. चाचा एका डोळ्याने घरात बसून असतात.

शेजाऱ्यांच्या या माणुसकीला मी नावे ठेवत नाही. ती नसती तर कित्येक घरांत चूल पेटली नसती. पण या धावपळीत एक साधा प्रश्न कुणीच विचारत नाही: हा पैसा देणे मुळात कोणाचे काम होते?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे १९२३ च्या कायद्याने ठरवले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने कायम ठेवले. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात कामगार दोनच असले तरी ही जबाबदारी टळत नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा द्यायचा. बरा होईपर्यंत कामगार घरी बसला तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा द्यायचा.

कायमच्या इजेचा हिशोबही ठरलेला आहे. समजा, चाचांचे वय ६० आणि पगार महिना १२,००० रुपये. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ७,२००. साठाव्या वर्षाचा गुणांक ११७.४१. गुणाकार ८,४५,३५२. एक डोळा गेला तर कमाईची ताकद ४० टक्के गेली असे कायदा धरतो. म्हणजे सुमारे ३ लाख ३८ हजार रुपये. आता हा आकडा आणि उशाशी ठेवलेले दहा हजार शेजारी शेजारी मांडून पाहा. मधली रक्कम कोणी भरली? थोडी झोळीने भरली, म्हणजे चाचांसारख्याच दुसऱ्या मजुरांनी. बाकीची चाचांच्या पोटातून वजा झाली. आपण चंदा गोळा करतो तेव्हा चाचांना मदत होतेच, पण सेठलाही होते, आणि त्याला ती न मागता मिळते.

काही सेठ दवाखान्यात दिलेली रक्कम जकातीच्या वहीत लिहून मोकळे होतात. हे तर दीनच्याही विरुद्ध आहे. जकात हा गरिबाचा हक्क आहे, देणाऱ्याने त्यातून स्वतःचे देणे भागवायचे नसते. मजुराची मजुरी जकातीतून देता येत नाही, हे कोणताही आलिम सांगेल. मग मजुराच्या डोळ्याचे देणे कसे देता येईल? हा हुकूक-उल-इबादचा, बंद्यांच्या हक्कांचा मामला आहे. तो हज-उमऱ्याने मिटत नाही. ज्याचे घेतले त्याचे परत करावे लागते, नाहीतर त्याने खुशीने माफ करावे लागते. दवाखान्यात पडलेल्या माणसाकडून स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या अंगठ्याला खुशी म्हणत नाहीत. हक्क सोडून देण्याचा असा करार कायदाही मानत नाही.

यावर ठरलेली उत्तरे येतात. ‘चूक त्याचीच होती, वय झाले, लक्ष राहिले नाही.’ बारा-बारा तास एकाच माणसाला सहा-आठ साच्यांवर उभे करायचे आणि वर लक्षाचा हिशोब मागायचा! कामगार नशेत होता किंवा त्याने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले, असे काही असेल तर मालकाला बोलायला जागा आहे. साधे दुर्लक्ष हे भरपाई बुडवण्याचे कारण होत नाही. वयाचा हिशोब गुणांकात आधीच धरलेला असतो, तो दुसऱ्यांदा कापायचा नसतो.

‘मालकच गरीब आहे, त्याचे आठ साचे, सूत व्यापाऱ्याचे, तो कुठून देणार?’ हे खरे आहे, आणि म्हणूनच विमा असतो. कामगार भरपाईची पॉलिसी सरकारी आणि खासगी, दोन्ही विमा कंपन्या विकतात. सुताला आग लागेल म्हणून विमा काढायचा आणि सूत विणणाऱ्याच्या हाताला काढायचा नाही, यात गरिबी कुठे आली? खरोखर हप्ता झेपत नसेल तर जमातीने त्याला कर्ज-ए-हसना द्यावे. बैतुलमालाचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

आणि शेवटचे, सगळ्यांत जड उत्तर: ‘आपल्याच माणसाला कोर्टात खेचायचे? आधीच दिवस वाईट आहेत, कौमची बदनामी होईल.’ कौम म्हणजे फक्त साच्यांचे मालक का? चाचा कौममध्ये नाहीत? बाहेरच्या अन्यायाविरुद्ध संविधानाचे नाव घेणाऱ्यांनी तेच संविधान आणि तोच कायदा मोहल्ल्याच्या आत नको म्हणणे, हा दुटप्पीपणा आहे.

तेव्हा झोळी फिरवा, पण तेवढ्यावर थांबू नका. इजा झाली त्याच दिवशी दवाखान्याच्या कागदावर ‘कामावर असताना, साच्यावर’ असे लिहून घ्या. मस्टर नसेल तर आठवड्याच्या हिशोबाच्या वहीचा, मोबाइलवर आलेल्या पैशांचा फोटो काढून ठेवा. शेजारच्या साच्यावरचा कामगार साक्ष द्यायला घाबरतो, कारण उद्या त्याचेही काम जाईल. त्याच्या पाठीशी कमिटीने उभे राहावे. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असतो आणि कामगार राहतो तिथेही लावता येतो. म्हणून भिवंडीतून जखमी म्हाताऱ्याला चंद्याच्या पैशाने उत्तर प्रदेश-बिहारच्या गाडीत बसवून दिले की प्रकरण मिटले, असे कुणी समजू नये. त्याच्या पिशवीत तिकिटासोबत कागदांची फाइलही द्या. बरे झाल्यावर चाचांना कांडी भरण्याचे बसून करायचे काम मिळाले तर उत्तमच, पण त्या कामाची मजुरी वेगळी आणि डोळ्याची भरपाई वेगळी.

मिंबरवरून मजुरांना सब्र पुष्कळ शिकवून झाले. पुढच्या जुम्म्याला एक खुतबा मालकांच्या कर्जावर होऊ द्या. सूतवाल्या व्यापाऱ्याचे कर्ज नव्हे, ज्याचा डोळा साच्यावर गेला त्याचे.