खोलीत राहिलेला कॅमेरा

हळदीचा कस नुसत्या चिमटीने ओळखणारा व्यापारी कॅमेऱ्याच्या दुकानात मात्र गोंधळतो. एका बाजूला खिशात मावणारा छोटा कॅमेरा, दुसऱ्या बाजूला लेन्स बदलता येणारा मोठा. आणि विक्रेत्याच्या तोंडी मेगापिक्सेलचे आकडे. सांगलीच्या एका घरात हा प्रश्न महिनाभर गाजत होता. नातू पाचगणीच्या निवासी शाळेत शिकत होता. त्याचे बालपण घरापासून दूर सरत होते. भेटीच्या मोजक्या दिवसांत जे टिपले जाईल, तेवढेच घरी उरणार होते. मोबाईलवर भागत नाही, हे आधीच्या स्नेहसंमेलनात कळलेच होते. वडिलांना मोठा कॅमेरा हवा होता, आईला छोटा.

मेगापिक्सेलच्या आकड्यावर याचा निवाडा होत नाही. १० × १५ सेंटिमीटरच्या नेहमीच्या छायाचित्राच्या स्वच्छ छपाईला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. खरा फरक असतो तो प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या आकारात. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत तो सुमारे ६ × ४.५ मिलिमीटरचा, तर सर्वसाधारण मोठ्या कॅमेऱ्यात सुमारे २३.५ × १५.५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट. पागोळीखाली वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, पाऊस तोच. साठणारे पाणी मात्र निराळे. प्रकाशाचेही तसेच आहे.

निर्णयापूर्वी परीक्षा व्हावी म्हणून नात्यातील एकाचा मोठा कॅमेरा उसना आणला गेला. छोटा आईच्या मावशीकडून मिळाला. दोन्ही घेऊन कुटुंब पसरणी घाट चढून पाचगणीला पोहोचले. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून सारे स्नेहसंमेलनाला गेले. सभागृहात अंधार, रंगमंचावर मंद पिवळा प्रकाश. छोट्या कॅमेऱ्यात नातवाचा चेहरा हलला आणि दाणेदार झाला. मोठ्यात त्याच्या कपाळावरचे घामाचे थेंबसुद्धा उमटले. त्या रात्री वडिलांचा पक्ष जिंकला, असेच सर्वांना वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल लँडला जायचे ठरले. जांभ्या दगडाचे ते विस्तीर्ण पठार; वाऱ्याबरोबर तांबडी धूळ उडणार. लेन्स बदलताना धूळ आत गेली तर सेन्सरवर डाग पडतात. शिवाय वस्तू परक्याची आणि लेन्ससह वजन पाऊण किलोच्या आसपास. मोठा कॅमेरा खोलीतच राहिला. गुडघेदुखीमुळे आक्का वर येणार नाहीत, असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्या नातवाचा हात धरून, थांबत थांबत चढल्या. आईने पर्समधून छोटा कॅमेरा काढला आणि जवळच्या घोडेवाल्याच्या हाती दिला. त्याने एकच बटण दाबले. त्या छायाचित्रात वडीलही होते. एरवी ते नेहमी कॅमेऱ्यामागे असत.

घरी परतल्यावर अण्णांनी वही उघडून दोन रकाने पाडले. छोटा कॅमेरा कमी पडला ते प्रसंग पहिल्यात. मोठा घरीच राहिला असता ते दुसऱ्यात. पहिल्यात सभागृह आणि मैदानाच्या दूरच्या टोकाची शर्यत, म्हणजे वर्षाकाठी दोन दिवस. दुसऱ्यात घाटातून दिसणारे धोमचे पाणी, वसतिगृहाच्या दारातला निरोप, स्ट्रॉबेरीने रंगलेली बोटे आणि टेबल लँडवरच्या आक्का. “माल गिऱ्हाइकाच्या गरजेचा हवा, दुकानाच्या शोभेचा नव्हे,” एवढेच अण्णा म्हणाले.

छोटा कॅमेरा घेतला गेला, पण पारखून. लेन्सवरील एफचा आकडा जितका लहान, तितके तिचे तोंड मोठे. म्हणून एफ २ च्या जवळपासची लेन्स पाहिली. डिजिटल झूमऐवजी ऑप्टिकल झूम पाहिला, कारण पहिला केवळ चित्राचा तुकडा मोठा करून दाखवतो. स्नेहसंमेलनापुरता मोठा कॅमेरा भाड्याने आणायचे ठरले.

याचा अर्थ मोठा कॅमेरा वाया, असा नव्हे. घरात कोणी छायाचित्रणाची कला मनापासून शिकणार असेल, पहाटे उठून तो गळ्यात अडकवून निघणार असेल, तर त्याच्यासाठी तीच योग्य खरेदी. कॅमेरा कोणताही असो, पाचगणीच्या पावसाळी दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते. म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. छायाचित्रांची प्रत दोन ठिकाणी जपावी आणि निवडक छायाचित्रे कागदावर उतरवावीत.

सांगलीच्या त्या पेढीवर, गादीच्या वरच्या भिंतीवर, घोडेवाल्याने काढलेले छायाचित्र आज लावलेले आहे. क्षितिज थोडे कलले आहे, वडिलांचे डोळे उन्हाने मिटले आहेत. आक्कांचा हात मात्र नातवाच्या मुठीत स्पष्ट दिसतो.