कायदा आणि कुटुंब : सासरचें दार

मुलीनें कोर्टांत जावें कीं नाहीं, असा प्रश्न घेऊन वडील वकिलाकडे येतात, तेव्हां ती माहेरीं येऊन बहुधा दोन-चार महिने लोटलेले असतात. अंगावरचे वळ मावळलेले असतात आणि सासरच्या दाराला नवें कुलूप पडलेलें असतें. नवऱ्याला तुरुंग दाखवावा अशी तिची इच्छा क्वचितच असते. त्या घरांत पुन्हां पाऊल टाकण्याचा आपणांस अधिकार आहे काय, एवढेंच तिला विचारावयाचें असतें. या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें वेळोवेळीं निरनिराळें दिलें आहे.

रखमाबाईंचा खटला वाचकांस ठाऊक असेलच. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या बाईंनीं पुढें पतिगृहीं नांदावयास जाण्याचें नाकारलें. मार्च १८८७ मध्यें मुंबईच्या हायकोर्टानें त्यांस बजावलें कीं, महिन्याभरांत नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा. त्यांनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली! १८८८ सालीं तडजोड होऊन प्रकरण मिटलें. तेथें मारहाणीचा वाद नव्हता हें खरें. परंतु बायकोनें कोठें राहावें हें ठरविणारा कोण, हें त्यावरून कळून चुकलें.

पुढें १९४६ सालीं हिंदु विवाहित स्त्रीस वेगळें राहून पोटगी मागण्याचा हक्क मिळाला. नवऱ्याजवळ राहणें धोक्याचें व्हावें इतका त्याचा छळ असला, किंवा त्यानें दुसरें लग्न केलें, तर तिला घर सोडतां येऊं लागलें. १९५६ च्या कायद्यांतहि हा हक्क राहिला. सुधारणा मोठीच, पण मार खाणारीनें बाहेर पडावें आणि मारणाऱ्यानें घरांतच राहावें, हा त्यांतला उलटा न्याय फारसा कोणाला खटकला नाहीं.

१९८३ सालीं दंडसंहितेंत ४९८-अ हें कलम आलें. पत्नीचा छळ करणाऱ्या पतीस व त्याच्या नातलगांस तीन वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड अशी त्यांत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. तक्रार आली कीं सरसकट अटक करूं नये, असें सुप्रीम कोर्टानें २०१४ सालीं पोलिसांस बजावलें. खोट्या फिर्यादींची चर्चा आपल्या दिवाणखान्यांत पुष्कळ होते, आणि तशा फिर्यादी मुळींच होत नाहींत असें मी म्हणणार नाहीं. तथापि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं कोणाची तरी मदत मागणाऱ्या शेंकडा अवघ्या १४ निघाल्या. बाकीच्यांविषयीं दिवाणखान्यांत कोणी बोलत नाहीं.

माहेरीं येऊन बसलेल्या त्या मुलीच्या प्रश्नाला खरें उत्तर दिलें तें २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानें. तो २६ ऑक्टोबर २००६ रोजीं अमलांत आला. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, अपमान, खर्चाला पैसे न देणें, स्त्रीधन अडकवून ठेवणें हेंहि त्यानें हिंसेंत धरलें. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला त्रास देण्यास मनाई करूं शकतो, पोटगी देववूं शकतो, मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देऊं शकतो, आणि निकड असल्यास दुसऱ्या बाजूची वाट न पाहतां तात्पुरता हुकूमहि करूं शकतो. संरक्षणाचा हुकूम मोडल्यास मात्र एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुख्य म्हणजे, सामाईक घरांत राहण्याचा तिचा हक्क त्यांत स्वच्छ शब्दांत लिहिला आहे. मग घर तिच्या नांवावर असो वा नसो.

तरीहि पेंच पडलाच. कायदा अमलांत येऊन दोन महिने होतात न होतात तोंच, सासूच्या मालकीचें घर सामाईक नव्हे, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल झाला. आपल्यापैकीं किती घरें सासऱ्याच्या किंवा सासूच्या नांवावर आहेत हें वाचकांनींच आठवून पाहावें! पुष्कळ सुना त्या निकालानें एका फटक्यासरशीं उघड्यावर पडल्या. अखेर १५ ऑक्टोबर २०२० रोजीं, दिल्लींतील एका सासऱ्याच्या घराच्या वादांत, तीन न्यायाधीशांनीं तो निकाल चुकीचा ठरविला. यानें सून घराची मालकीण होत नाहीं. वृद्ध सासूसासऱ्यांना शांतपणें राहण्याचा हक्क आहे आणि कोर्ट तोहि पाहतें. प्रसंगीं सुनेला तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचें भाडें नवऱ्याकडून देवविलें जातें.

आणि माहेरीं काढलेल्या त्या महिन्यांचें काय? अर्जाच्या वेळीं स्त्री प्रत्यक्ष त्या घरांत राहत असलीच पाहिजे असें नाहीं, हें मे २०२२ मध्यें सुप्रीम कोर्टानें स्पष्ट केलें आहे. तेव्हां कुलुपामुळें हक्क बुडत नाहीं. डॉक्टरचा दाखला, त्या घरच्या पत्त्यावर आलेलीं पत्रें, रेशनकार्ड, जें हातीं असेल तें जपून ठेवावें आणि जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यास भेटावें. अर्जासाठीं सासरच्या गांवीं जाण्याची जरूर नाहीं. सध्यां ती जेथें राहते, तेथल्या मॅजिस्ट्रेटपुढेंहि तो देतां येतो.