नांवांचा अन्वय

घरोघरीं जुनीं पत्रें व छायाचित्रें संगणकांत उतरवून ठेवण्याचा उद्योग हल्लीं चालू आहे, हें स्तुत्यच होय. कागद जीर्ण होतो, शाई फिकटते. तेव्हां वेळींच केलेली ही तजवीज पुढील पिढीस उपयोगीं पडेल. परंतु एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारिलें आहे कीं, प्रत्येक पत्राच्या फायलीस तारखेचें नांव दिलें असूनहि तीं पत्रें क्रमानें कां लागत नाहींत, आणि शेंकडों नांवें आतां हातानें पुन्हां लिहावीं काय?

हातानें लिहिण्याचें कारण नाहीं. प्रथम दोष कोठें आहे तो पाहूं. संगणक नांवें लावतो तीं कोशांतील शब्दांप्रमाणें, डावीकडून एकेक अक्षर ताडून. ‘०३-११-१९३८’, ‘०५-०१-१९४६’ आणि ‘१७-०२-१९३१’ अशीं तीन पत्रें असलीं, तर तो तीं याच क्रमानें लावील. कारण त्याच्या दृष्टीनें तीन, पांच व सतरा हाच क्रम खरा. सर्वांत जुनें पत्र अशा रीतीनें सर्वांच्या शेवटीं जाऊन बसतें.

उपाय आपल्या परिचयाचाच आहे. पूजेच्या आरंभीं आपण संकल्प म्हणतों, त्यांत कल्प, मन्वंतर, युग, संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि असा थोरापासून लहानाकडे क्रम असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संस्थेनें १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ८६०१ क्रमांकाच्या मानकांतहि वर्ष, महिना, दिवस हाच क्रम आहे. ‘१९३८-११-०३’ असें लिहिलें कीं अक्षरांचा क्रम व काळाचा क्रम एकच होतो. एकअंकी दिवस-महिन्यांमागें शून्य लिहावयास मात्र विसरूं नये.

आतां शेंकडों नांवें एकदम कशीं फिरवावीं? याकरितां ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नांवाची सूत्रपद्धति आहे. नांवाचा सांचा सूत्रांत सांगावयाचा: पहिल्या कंसांत दोन अंक, मग आडवी रेघ, दुसऱ्या कंसांत दोन अंक, पुन्हां रेघ, तिसऱ्या कंसांत चार अंक. यंत्र त्या कंसांस अनुक्रमें एक, दोन, तीन असे क्रमांक देतें. मग आज्ञा करावयाची कीं, तिसरा, दुसरा, पहिला असे मांड. विंडोजवर ‘पॉवरटॉइज’ या मोफत साधनसंचांत ‘पॉवररिनेम’ आहे. त्यांत डॉलरच्या चिन्हापुढें आकडा घालून हीच आज्ञा देतात. पाणिनीच्या व्याकरणांत जें यथासंख्य म्हणून शिकविलें जातें, त्याचाच हा सोयरा समजावा.

परंतु येथें एक मोठें भय आहे, आणि तेंच सांगण्यासाठीं हा लेख. श्लोकाचा अन्वय लावतांना आपण पदें निर्धास्तपणें हलवितों. कारण प्रत्येक पद आपली विभक्ति अंगावर वागवितें, तें कोठेंहि ठेवलें तरी कर्ता तो कर्ताच राहतो. ‘०३’ व ‘११’ यांस विभक्ति नाहीं. दिवस कोणता व महिना कोणता, हें केवळ स्थानावरून कळतें. समजा, कांहीं पत्रें पुण्यांतील नातीनें उतरविलीं व कांहीं अमेरिकेंतील पुतण्यानें. तिकडे महिना आधीं लिहिण्याची चाल आहे. दोघांच्या फायली एकत्र करून एकच सूत्र चालविलें, तर तीन नोव्हेंबर व अकरा मार्च एकरूप होतील. महिन्याच्या जागीं तेराहून मोठा किंवा तेराच आंकडा आला तर चूक उघडी पडेल; बाराच्या आंतील सर्व चुका मूकपणें तशाच राहतील. आजारपणाचें पत्र नंतर आणि सांत्वनाचें आधीं, असा घराण्याचा इतिहास मुलांच्या हातीं जाईल, व तो खोटा आहे असें त्यांस कधीं वाटणारहि नाहीं.

म्हणून उत्सर्गापूर्वीं अपवाद पाहावा. ज्यानें फायली दिल्या त्याप्रमाणें त्या निरनिराळ्या ठेवून प्रत्येक गटास त्याचें सूत्र लावावें. आरंभीं सर्वांची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. ‘पॉवररिनेम’ नवीं नांवें आधीं नुसतीं दाखवितें; तीं सावकाश वाचावीं, मगच संमति द्यावी. नांवांतील एखादा भाग गाळावयाचा असेल तर दोन नांवें एक तर होत नाहींत ना, हें पाहावें. कारण कांहीं साधनें अशा वेळीं न विचारतां पहिली फाईल पुसून तिच्या जागीं दुसरी ठेवतात.

आणि जेथें तारखेचा संशय फिटत नाहीं, तेथें यंत्रास विचारूं नये, घरांतील वडील माणसांस विचारावें. कोणतें पत्र बारशाच्या आधींचें व कोणतें मागाहूनचें, हें एखाद्या आजीस हस्ताक्षर पाहतांच सांगतां येतें. सूत्र उद्यां चालविलें तरी चालेल; ही विचारपूस मात्र आजच करावी.