टाळ्यांनी दिलेला विश्वचषक

११ डिसेंबर २०२४ ला फिफाची विशेष सभा ऑनलाइन भरली. २०३० आणि २०३४ या दोन फुटबॉल विश्वचषकांचे यजमान त्या दिवशी ठरायचे होते. मतदान झालेच नाही. दोन्ही ठराव एकत्र मांडले गेले आणि जगभरच्या राष्ट्रीय संघटनांच्या प्रतिनिधींनी कॅमेऱ्यासमोर हात वर धरून टाळ्या वाजवल्या. २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला मिळाला. ही पद्धत मान्य नसल्याचे नॉर्वेने लेखी कळवले होते. तो देश टाळ्यांत सामील झाला नाही.

या टाळ्या मला तेव्हापासून छळत आहेत. छळणारे दुसरे काही नव्हते असे नाही. २०२५ मध्ये पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला, अहमदाबादला विमान कोसळले, शाळांतल्या पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र पेटला, सप्टेंबरच्या पुरात मराठवाड्यातल्या शेतांची मातीच वाहून गेली. त्यांवर जाणत्यांनी पुरेसे लिहिले आहे. संपादकाच्या वाट्याची पाने मात्र मी या वेळी फुटबॉलला देतो आहे.

फिफातली लाचखोरी जुनीच. २ डिसेंबर २०१० ला झुरिकमध्ये कार्यकारी समितीच्या २२ जणांनी बंद दाराआड २०१८ चा विश्वचषक रशियाला आणि २०२२ चा कतारला दिला. त्या २२ पैकी निम्म्याहून अधिक जणांवर पुढे गैरव्यवहाराचे आरोप झाले किंवा बंदी आली. २७ मे २०१५ च्या पहाटे स्विस पोलिसांनी झुरिकच्या एका आलिशान हॉटेलातून सात पदाधिकारी उचलले. अमेरिकी सरकारी वकिलांनी १५ कोटी डॉलरहून अधिक लाचेचे आरोपपत्र मांडले. दोनच दिवसांनी सेप ब्लाटर पुन्हा अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि आठवडा उलटायच्या आत पद सोडत असल्याचे त्यांना जाहीर करावे लागले. तेव्हा वाटले होते, आता घाण उपसली जाईल.

काही काळ तसे दिसलेही. यजमान निवडण्याचा अधिकार मूठभरांकडून काढून सर्व सदस्य देशांच्या सभेला दिला गेला. २०१८ मध्ये मॉस्कोत २०२६ च्या यजमानपदासाठी अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोला १३४ आणि मोरोक्कोला ६५ मते पडली. कोणी कोणाला मत दिले, हे सगळ्या जगाला कळले. मग २०२३ च्या ऑक्टोबरात फिफाने २०३० चा विश्वचषक तीन खंडांत वाटून टाकला: स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, शिवाय उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वेला एकेक सामना. युरोप, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशी तिन्ही दारे २०३४ साठी आपोआप बंद झाली; उत्तर अमेरिकेचे २०२६ मुळे आधीच बंद होते. उरले आशिया आणि ओशनिया. दावा कळवायला मुदत जेमतेम चार आठवड्यांची. शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाने माघार घेतली. मैदानात एकटा सौदी.

यात कोणी कोणाला पाकीट दिल्याचा पुरावा नाही आणि माझे दुखणे नेमके तिथेच आहे. जे पूर्वी चोरून करावे लागे ते आता नियमात बसवून, कार्यक्रमपत्रिकेवर घालून, उजेडात करता येते. प्रत्येक सदस्य-संघटनेला फिफाकडून चार वर्षांत ८० लाख डॉलरपर्यंत विकासनिधी मिळतो. गरीब देशांच्या मैदानांना पैसा मिळालाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो पैसा ज्याच्या हातून येतो त्याच्यापुढे हात वर करून नाही म्हणणारे किती निघतील? २०२५ च्या मे महिन्यात तर अध्यक्ष जियान्नी इन्फान्तिनो ट्रम्प यांच्या आखाती दौऱ्यात सामील झाले आणि पॅराग्वेतल्या फिफाच्या स्वतःच्याच वार्षिक सभेला काही तास उशिरा पोहोचले. युरोपचे प्रतिनिधी मधल्या सुट्टीत उठून गेले. सभा पुढे चालू राहिली.

या अंकाच्या विशेष विभागाचा विषय ‘श्रम’ आहे. ऊसतोड कामगारांवरचे लेख त्यात आहेत. मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जाणारी जोडी ज्या फासात अडकते, त्याच फासात कतारला गेलेला मजूर अडकला: आधी एजंटला द्यायला व्याजाने पैसे काढायचे, मग ते फिटेपर्यंत कफीलच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, मर्जीवर राहायचे. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. २०२१ मध्ये ‘द गार्डियन’ने सरकारी नोंदींवरून दाखवले की यजमानपद मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांचे ६,५०० हून अधिक कामगार कतारमध्ये मरण पावले. त्यांत भारतीय २,७११. हे सगळे स्टेडियमवर मेले असे नाही, सर्व कारणांचे मृत्यू यात आहेत. पण कारण शोधायचे कष्ट घेतले किती जणांच्या बाबतीत? ऐन तिशीतल्या धडधाकट माणसाच्या दाखल्यावर ‘नैसर्गिक मृत्यू’ लिहिले की नुकसानभरपाईचा प्रश्न मिटतो. घरी येते ती फक्त ‘बॉडी’, आणि एजंटचे कर्ज तसेच राहते.

कतारने कायदे बदलले, हे नोंदवले पाहिजे. २०२० पासून मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली, किमान वेतन १,००० रियाल ठरले. जगाने आरडाओरडा केला म्हणून ते झाले. मेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळाले? मानवाधिकार संघटनांनी ४४ कोटी डॉलर भरपाईसाठी मागितले होते, म्हणजे त्या विश्वचषकाच्या बक्षिसांइतकी रक्कम. फिफाने २०२४ च्या नोव्हेंबरात पाच कोटी डॉलरचा निधी जाहीर केला आणि तो आंतरराष्ट्रीय संस्थांच्या प्रकल्पांना दिला. कामगारांच्या कुटुंबांसाठी त्यात काहीही नाही. त्यानंतर दोन आठवड्यांतच त्या टाळ्या वाजल्या.

सौदी अरेबियाच्या प्रस्तावात १५ स्टेडियम आहेत. फिफाच्या मूल्यांकनात मानवाधिकारांचा धोका ‘मध्यम’ ठरला आणि प्रस्तावाला ५०० पैकी ४१९.८ गुण मिळाले. २०२५ च्या मार्चमध्ये अल खोबरच्या स्टेडियमच्या कामावर एक पाकिस्तानी मजूर उंचावरून पडून मेला. तेव्हा स्पर्धेला अजून नऊ वर्षे होती.

यात आपला काय संबंध, असे काही मित्र विचारतात. रत्नागिरी-रायगडच्या आणि गोव्याच्या किती घरांत कोणी ना कोणी आखातात आहे, हे त्यांनी मोजावे. आपल्या फुटबॉल महासंघाने सौदीच्या दाव्याला २०२३ मध्येच पाठिंबा दिला. त्याआधी, २०२२ च्या डिसेंबरात, २०२७ च्या आशियाई चषकाचा आपला दावा मागे घेऊन तोही सौदीला मोकळा करून दिला. आणि हीच फिफा आपल्याशी कशी वागली? महासंघाची निवडणूक रखडलेली, गोंदियाचे प्रफुल्ल पटेल मुदत संपूनही अध्यक्षपदी, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक नेमले. फिफाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘बाह्य हस्तक्षेप’ म्हणत भारतालाच निलंबित केले. गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता परतावे लागले. न्यायालयाचा हस्तक्षेप फिफाला खपत नाही. राजघराण्याच्या तिजोरीतून आलेला विश्वचषक चालतो. हा दुटप्पीपणा आहे, आणि आपल्या मुलींनी त्याची किंमत मोजली.

२०२५ च्या दिवाळीत फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा आणि अल नास्र यांचा सामना झाला. अल नास्र या सौदी क्लबची ७५ टक्के मालकी तेव्हा सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीकडे होती. गोव्याची पोरे अल नास्रच्या रोनाल्डोच्या नावाने वेडी झाली होती, त्यांच्या आनंदात मी सामील होतो. खेळावरचे प्रेम ही त्यांची चूक नाही. त्या प्रेमावर ज्यांची दुकाने चालतात त्यांना जाब विचारायला हवा.

पुढचा ४८ संघांचा विश्वचषक तुम्ही रात्री जागून पाहाल, आम्हीही पाहू. त्याआधी एक काम करा. भारतीय फुटबॉल महासंघाला पत्र लिहा आणि विचारा: ११ डिसेंबर २०२४ ला तुम्ही कोणाच्या संमतीने टाळी वाजवलीत, आणि सौदीतल्या भारतीय मजुरांसाठी कोणती अट घातलीत? पत्राची एक प्रत आमच्याकडे पाठवा. उत्तर आले तर तेही पाठवा. आम्ही दोन्ही छापू.